घरभाडे आणि रोजगार : एका फळ्यावरच्या नावावरून

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला अभ्यासवर्गाने एक विषय मांडायचा, अशी आपल्या विहाराची पद्धत आहे. यंदा आम्ही 'घरभाडे आणि रोजगार' हा विषय कळवला, तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी विचारले, "अहो, हा विषय विहारात कशाला? सोसायटीच्या मिटिंगला घ्या की." प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मागच्या वर्षावासात ग्रंथवाचनाला नेमाने येणाऱ्या एक भगिनी मधेच यायच्या बंद झाल्या. आम्हांला वाटले, आजारी असतील. महिला मंडळाच्या दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या. बाई ठणठणीत होत्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पण येत का नाही ते काही बाई सांगेनात. शेवटी निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "उतरताना खाली फळा बघा." इमारतीच्या जिन्याजवळ सोसायटीचा फळा होता. त्यावर मेंटेनन्स थकलेल्यांची नावे खडूने लिहिली होती. वरून तिसरे नाव त्यांचे. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "सगळा जिना ते नाव वाचतो. मग पांढरी साडी नेसून विहारात कोणत्या तोंडाने येऊ?"

बाईंचे घर पुनर्वसनात मिळालेले आहे. कागदावर ते फुकट मिळाले, त्याला भाडे नाही. मग थकले काय? आणि थकले कशामुळे? या दोन प्रश्नांच्या मागे आम्ही काही महिने लागलो. जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

विहाराचा याच्याशी संबंध आहे का, असे विचाराल, तर दीघनिकायातले कूटदन्त सुत्त आठवा. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या आहेत, तेव्हा त्या प्रजेला मारून, बांधून, हद्दपार करून प्रश्न सुटणार नाही, असे राजाला सांगितले जाते. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, नोकरी करणाऱ्याला वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील आणि दारे उघडी ठेवून निर्धास्त राहतील, असा तो उपाय आहे. घराचे दार आणि हाताला काम या दोन गोष्टी तिथे एकाच वाक्यात येतात. आपल्याकडे सरकारी कचेरीत मात्र त्यांची खाती वेगळी, साहेब वेगळे आणि खिडक्याही वेगळ्या.

परळच्या दोन खोल्या

सार्वजनिक पैशातून बांधलेले भाड्याचे घर गरीब माणसाला काय देऊ शकते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली सरकारने मुंबई सुधार मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केले. या ट्रस्टच्या चाळींना लोक बीआयटी चाळी म्हणू लागले आणि आजही म्हणतात. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. परदेशातील शिक्षणाचा काळ सोडला तर त्यांच्या आयुष्याची ती सुमारे २२ वर्षे म्हणजे चळवळीच्या उभारणीचीच वर्षे होत.

त्या खोल्यांना आपण वंदन करतो, तिथे फोटो काढतो. पण त्यांच्या भाड्याचा विचार आपण कधी केला नाही. १९१८ च्या अखेरीस बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, त्या काळी मोठाच. एवढ्या पगारात त्यांना चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करता आले असते. पण त्यांनी चाळ सोडली नाही, काटकसर केली आणि लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकले. ती बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

आता इथे एक साधा हिशोब बघा. चाळीचे भाडे खोलीवर होते, पगारावर नव्हते. भाडेकरूचा पगार वाढला म्हणून ट्रस्टचा माणूस जादा भाड्याची चिठ्ठी घेऊन आला नाही. कमाई वाढली आणि घराचा खर्च होता तिथेच राहिला, म्हणून मधला पैसा शिक्षणाला गेला. बाबासाहेबांची बुद्धी आणि मेहनत त्यांची स्वतःची, त्यात शंका नाही. पण स्वस्त आणि स्थिर भाड्याच्या दोन खोल्या त्यांच्या पाठीशी होत्या, हेही खरे. त्या खोल्या कामगारांच्या परळमध्ये होत्या, दामोदर हॉलच्या जवळ होत्या. तिथून कॉलेजला जाता येत होते, कोर्टात जाता येत होते, सभेलाही जाता येत होते.

यातून आम्हांला तीन गोष्टी दिसल्या. भाडे पेलेल एवढेच असावे. कमाई वाढली की लगेच भाड्याने तिच्यावर झडप घालू नये. आणि घर कामाच्या टप्प्यात असावे. या तीन गोष्टींच्या मापाने पुढची सारी घरे आपण मोजून पाहू.

बीडीडीपासून टिळकनगरपर्यंत

१९२० साली मुंबई विकास खाते, म्हणजे बीडीडी, निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि एकेका चाळीत ८० खोल्या. पण सुरुवातीला या चाळींतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. कामगार झोपडीत आणि दाटीच्या खोल्यांत राहत होता, तरी या नव्या चाळीत येत नव्हता, कारण भाडे त्याच्या मजुरीला पेलत नव्हते. पुढे सरकारला भाडी उतरवावी लागली, तेव्हा कुठे चाळी भरल्या. त्याच चाळींतून आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. घर बांधले म्हणजे गरिबाची सोय झाली असे होत नाही, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला आहे.

आता आपल्या चेंबूरकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळ आले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली. तिच्यात बांधकामाचा निम्मा खर्च अनुदान आणि निम्मा कर्ज असे सूत्र होते, म्हणून भाडे खाली ठेवता आले. टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर या मंडळाच्या वसाहती आपल्या डोळ्यांसमोरच्या आहेत. त्याच काळात माहूलकडे तेल शुद्धीकरणाचे दोन कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला, वीज केंद्र होतेच. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळीकडे लहानमोठे कारखाने होते. आपल्या वडिलांच्या पिढीने डबा घेऊन सायकलवर जायचे, पाळी संपली की घरी यायचे आणि महिन्याला मंडळाचे भाडे भरायचे. त्यात चैन नव्हती. पण भाडे भरायचे कुठून, हा प्रश्न रोज छातीवर नव्हता.

पुढे चित्र बदलले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचा कायम कामगार मोडत गेला. कारखाने हलले, जे राहिले त्यांत कायम माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी कंत्राटी आला. मंडळाच्या वसाहतींत भाडेकरूंच्या सोसायट्या झाल्या, पुनर्विकासाचे टॉवर उभे राहिले. ज्यांचे नशीब आणि कागद दोन्ही जागेवर होते त्यांचे भले झाले, ते आपलेच लोक आहेत, आनंदच आहे. पण नव्याने येणाऱ्या गरिबासाठी भाड्याचे सरकारी घर बांधणे जवळजवळ थांबले. २००८ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची एक योजना काढली होती. तिच्यात घर किती होते? १६० चौरस फूट! बीडीडीच्या खोलीएवढेच. काही वर्षांत तीही भाड्याची योजना राहिली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. खासगी मालकाच्या भाडेकरूला १९४७ च्या भाडे कायद्याने संरक्षण दिले आणि पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. पण सरकारच्या आणि महापालिकेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे खासगी घरमालकाने वर्षाला किती भाडे वाढवायचे याला कायद्याचे बंधन आहे, आणि सरकार स्वतः घरमालक असते तिथे ते स्वतःच्या नियमाने चालते.

फुकट घराचा खर्च

१९९५ सालापासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र झोपडीधारकाला फुकट घर मिळू लागले. आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. पत्र्याखालून पक्क्या छताखाली येणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात भांडी हलवली आहेत त्यांना विचारा. म्हणून या घरांना नावे ठेवायला आम्ही उभे नाही. आम्ही फक्त हिशोब मांडतो.

झोपडीत लिफ्ट नव्हती, पाणी वर चढवणारा पंप नव्हता, जिन्याचे दिवे नव्हते, झाडूवाला आणि वॉचमन नव्हता. इमारतीत हे सगळे आले आणि त्याचे बिल दरमहा आले. हे बिल हलके व्हावे म्हणून बिल्डरने दर घरामागे काही रक्कम ठेव म्हणून भरायची असा नियम आहे. आधीच्या नियमात ती २०,००० रुपये होती, पुढे वाढवली. २०,००० रुपयांवर सहा टक्के व्याज धरा. वर्षाला १,२०० रुपये, महिन्याला १०० रुपये झाले. एका घरामागे १०० रुपयांत लिफ्ट, पंप, वीज, साफसफाई भागते का, ते इथे बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीच सांगावे. उरलेले पैसे सभासदाने द्यायचे. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ झाला, तेवढा दिलासा मिळाला. पण मेंटेनन्स माफ नाही, आणि होऊही शकत नाही, कारण लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीवाला पैसे मागणारच.

याला नाव मेंटेनन्स असले तरी बाईच्या पर्समधून ते भाड्यासारखेच जाते. भाड्यापेक्षा एका बाबतीत ते कडकच आहे. भाडे थकले तर घरमालक ओरडतो, इथे शेजारी शेजाऱ्याचे नाव फळ्यावर लिहितो.

आता दुसरा प्रश्न, थकले कशामुळे? आपल्या त्या भगिनी आधी जिथे राहत होत्या तिथून चालत जाऊन तीन घरची कामे करायच्या. नव्या घरातून ती तीन घरे बसच्या अंतरावर गेली. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. एका बाजूने एकच बस आणि तीही किमान भाड्याची धरली, तरी दिवसाचे २० आणि २६ दिवसांचे ५२० रुपये. बस बदलावी लागली तर १,०४०. शिवाय जाण्यायेण्यात वेळ गेला म्हणून तिसरे घर सुटले. एकीकडे नवा खर्च आला आणि दुसरीकडे जुनी कमाई घटली. फळ्यावर नाव लागायला आणखी काय लागते? बाई आळशी नाहीत, उधळ्या नाहीत. त्यांना घर देणाऱ्याने त्यांचे काम कुठे आहे हे विचारलेच नव्हते.

हे काही एका बाईचे दुखणे नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पासाठी मुंबईत हजारो कुटुंबे हलवली गेली. त्यांतली कितीतरी आपल्या वाशी नाक्याला आणि मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये आली. प्रकल्पाला कर्ज जागतिक बँकेचे होते. विस्थापितांनी तक्रारी केल्या, बँकेच्या तपासणी मंडळाने चौकशी केली आणि हलवलेल्या लोकांची कमाई पूर्ववत व्हावी याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा ठपका ठेवला. मार्च २००६ मध्ये बँकेने कर्जाचा काही भाग थांबवला, जूनमध्ये तो पुन्हा सुरू केला. म्हणजे घर देताना कामाचे बघितले नाही, ही चूक बँकेच्या कागदावरही नोंदलेली आहे.

माहूलचे तर आपण शेजारीच आहोत. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवून २०१७ पासून लोकांना माहूलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत पाठवले. कारखान्यांच्या हवेने माणसे आजारी पडू लागली. मुलांच्या शाळा आणि मोठ्यांची कामे मागे राहिली. ऑक्टोबर २०१८ पासून लोक विद्याविहारला रस्त्यावर बसले. अखेर २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, लोकांना माहूलला पाठवू नका, आणि दुसरीकडे राहण्यासाठी त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत रक्कम द्या. या निकालात आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. राहण्यायोग्य घर नसेल तर ते मिळेपर्यंतचे भाडे देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. हा निकाल सरकारला आपणहून सुचला नाही. फुटपाथवर बसलेल्या बायाबापड्यांनी तो मिळवला.

घर ओलीस, नोकरी सक्तीची

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे. या सभागृहात महापालिकेच्या सफाई खात्यातले बंधू-भगिनी आहेत. त्यांनी राग मानू नये.

पुनर्वसनाच्या घरात घर एकीकडे आणि काम दुसरीकडे झाले. महापालिकेच्या सेवानिवासात नेमके उलटे आहे. तिथे घर आणि काम एकमेकांना इतके घट्ट बांधलेले आहे की माणसाला हलता येत नाही. नोकरी आहे तोवर खोली, पगारातून घरभाडे भत्ता गेला, आणि निवृत्तीनंतर खोली रिकामी करायची. तीस-पस्तीस वर्षे ज्या खोलीत संसार झाला ती सोडून मुंबईत जायचे कुठे? मग घरात एकच उपाय बोलला जातो. मुलाने वडिलांच्या जागी लागायचे. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे नियम एकत्र केले. आपण तिला 'पीटी केस' म्हणतो. हा हक्क संघर्षाने मिळाला आहे, तो राहिलाच पाहिजे. नोकऱ्या कंत्राटदाराच्या घशात जात असताना तर तो जास्तच राहिला पाहिजे.

पण आमच्या वर्गात पदवीपर्यंत शिकलेला एक तरुण होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, हुशार होता. वडील निवृत्त व्हायच्या वर्षी त्याने पुस्तके बांधून ठेवली आणि अर्ज भरला. आम्ही विचारले, "का रे?" तो म्हणाला, "परीक्षा पास होईन की नाही माहीत नाही. खोली जाणार हे नक्की माहीत आहे." यावर काय बोलणार? त्याने केले ते बरोबरच केले. आई-वडिलांना रस्त्यावर काढून कोण अभ्यास करेल? ज्या कामातून बाहेर पडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, त्या कामात शिकलेल्या मुलाला परत नेणारी दोरी घराची आहे. जातीची दोरी दिसते तरी, ही भाड्याच्या नियमात गुंडाळलेली असते, म्हणून तिच्यावर भाषणे होत नाहीत.

यावर सुटकेच्या वाटा अगदीच नाहीत असे नाही. २५ वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकी हक्काचे घर देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना राज्याची आहे. ती प्रत्येक पात्र माणसापर्यंत पोचली, तर मुलगा झाडू घ्यायचा की परीक्षा द्यायची हे मोकळ्या मनाने ठरवील. आश्रय योजनेत जुन्या सफाई कामगार वसाहती पाडून मोठी घरे होत आहेत, ते चांगलेच आहे. पण मोठे घरही निवृत्तीनंतर सोडायचेच असेल, तर मुलाच्या गळ्यातली दोरी तेवढीच राहिली.

बाहेरचे दोन अनुभव

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या नगरपालिकेने १९२३ पासून कामगारांसाठी घरे बांधायला घेतली आणि १९३४ पर्यंत सुमारे ६०,००० घरे बांधली. पैसा घरांवर खास कर बसवून उभा केला, मोठ्या घरवाल्याला मोठा कर. बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करायचा नाही, भाडे फक्त देखभालीपुरते घ्यायचे, असे धोरण होते. वसाहतीतच धुलाईघर, बालवाडी, वाचनालय होते. बाईला कामाला जाता यावे याचा विचार घराच्या नकाशात केलेला होता.

दुसरा अनुभव अमेरिकेचा. तिथे सरकारी घरातल्या भाडेकरूने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भाडे म्हणून द्यायचा असतो. १९६९ साली त्याची मर्यादा २५ टक्के ठरली आणि १९८१ साली ३० टक्के झाली. गरिबाचे भाडे कमी, हे चांगलेच. पण घोटाळा असा झाला की घरातल्या कोणाला काम मिळाले, पगार वाढला, की भाडेही वाढले. शंभर डॉलर जास्त कमावले तर तीस भाड्यातच गेले. मग लोक म्हणू लागले, जास्त काम करायचे कशाला? १९९८ साली तिथे काही शहरांतल्या वसाहतींत एक प्रयोग झाला. कमाई वाढली तरी भाडे लगेच वाढवायचे नाही, काम शोधून देणारे केंद्र वसाहतीतच उघडायचे, आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्याला कामाची माहिती द्यायची, अशा तीन गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. जिथे तिन्ही गोष्टी नीट राबवल्या, तिथल्या रहिवाशांची कमाई, जिथे प्रयोग नव्हता अशा वसाहतींच्या तुलनेत सरासरी १४ टक्क्यांनी जास्त निघाली. जिथे अर्धवट राबवल्या तिथे फरक पडला नाही.

हे वाचताना आम्हांला परळच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्याच आठवल्या.

मागायचे काय, करायचे काय

सरकारकडे मागायच्या गोष्टी आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिली, पुनर्वसनाच्या इमारतींतली देखभालीची ठेव इमारतीच्या खऱ्या खर्चाप्रमाणे असावी. विधवा, वृद्ध आणि काम गेलेल्या कुटुंबाचा मेंटेनन्सचा हिस्सा काही काळ त्या ठेवीतून भरला जावा. मुलगी नोकरीला लागली म्हणून ही सवलत दुसऱ्याच महिन्यात काढू नये.

दुसरी, कुटुंब हलवण्याआधी घरातल्या प्रत्येक कमावत्याचे काम कुठे आहे याची नोंद व्हावी आणि घराचे वाटप त्याप्रमाणे व्हावे. लांब पाठवणे टळणारच नसेल तर सुरुवातीची काही वर्षे बसचा पास सरकारने द्यावा.

तिसरी, सेवानिवासातल्या कामगाराला श्रमसाफल्य योजनेतले घर निवृत्तीच्या आधी मिळावे. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे काम मिळावे, आणि तशी तरतूद असेल तिथे ती आपण नेटाने मागून घ्यावी. घरासाठी झाडू हातात घ्यावा लागू नये.

चौथी, रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, पण तो खेड्यासाठी. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली शहरातल्या गरिबासाठी रोजगार हमीची योजना काढली. ज्या राज्याने देशाला ही वाट दाखवली, त्याच्या राजधानीत नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हमी का नसावी?

हे झाले सरकारचे. आता आपले बोलू. आम्ही अभ्यासवर्गाचे लोक ही सगळी टिपणे काढत असताना एक गोष्ट ध्यानात आली आणि आमची मान खाली गेली. आपल्या विहाराचे वर्गणीचे पुस्तक आहे. जयंतीच्या वर्गणीत कोण मागे राहिले त्याची यादी आपणही मोठ्याने वाचतो. लाऊडस्पीकरवर वाचतो. सोसायटीने फळ्यावर लिहिले म्हणून आपण रागावलो, आणि आपण तेच नाव माईकवर घेत होतो. त्या बाई विहारात यायच्या थांबल्या, त्यात फळ्याचा जेवढा वाटा आहे तेवढा आपल्या माईकचा नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? कार्यकारिणीला आमची हात जोडून विनंती आहे, ही यादी यंदापासून वाचू नये. ज्याला जमेल त्याने द्यावे, आणि ज्याला जमत नाही त्याने निःसंकोच यावे. ज्या सोसायट्यांत आपले लोक पदाधिकारी आहेत त्यांनी फळ्यावरची नावे पुसावीत. थकबाकी मागायला सेक्रेटरीने घरी जावे, बसावे, हप्ते बांधून द्यावेत. पैसे तसेही फळ्याने येत नाहीत.

दुसरे काम, दर रविवारी वंदनेनंतर वाचनालयाच्या खोलीत दोन तास एक टेबल मांडायचे. त्याला मोठे नाव द्यायला नको. त्या टेबलावर कामाच्या जाहिराती, आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारीचे अर्ज, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे, सोसायटीला लिहायच्या अर्जांचे नमुने एवढे असावे. आपल्यातले कोणी रिफायनरीत आहेत, कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी बेस्टमध्ये. कुठे जागा निघाली हे त्यांना आधी कळते. ते घरात बोलतात, विहारात बोलत नाहीत. इथे येऊन वहीत लिहायचे. ज्या भगिनी घरकाम करतात त्यांची एक यादी इमारतीप्रमाणे करायची, म्हणजे जवळचे काम जवळच्या बाईला मिळेल. खर्च एका वहीचा आणि दोन तास बसणाऱ्या दोन माणसांचा आहे. ती दोन माणसे आम्ही पहिले सहा महिने देतो.

हे टेबल सुरू करण्यापूर्वी आम्ही एक चाचणी घेतली. त्या भगिनींसाठी त्यांच्याच इमारतीच्या मागच्या सोसायटीत, चालत जाण्याच्या अंतरावर, एक काम मिळते का पाहिले. महिला मंडळाने चार ठिकाणी विचारले, पाचव्या ठिकाणी मिळाले. एका आजींची सकाळची देखभाल, पोळी-भाजी आणि औषधे. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोललो, थकबाकीचे हप्ते बांधून घेतले. ते भले गृहस्थ निघाले, त्यांनी आमच्यासमोर फळा पुसला. सगळा प्रश्न सुटला असे नाही. हप्ते अजून चालू आहेत, आणि आजींची प्रकृती कशी राहते यावर ते काम अवलंबून आहे. आपण करू शकतो ते एवढेच असते, आणि जे आपल्याने होत नाही ते सरकारकडून मागावेच लागते. एकाने दुसऱ्याची सबब सांगू नये.

बाबासाहेबांच्या त्या दोन खोल्यांनी काय दिले, ते आपण आज इथे बसलो आहोत यावरून दिसते. आपल्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर, सेवानिवासातल्या शेवटच्या खोलीत, अभ्यासाला बसलेले एखादे मूल आत्ता या घडीला असेल. त्याच्या घरचे नाव फळ्यावर लागू नये आणि खोलीपायी त्याला पुस्तके बांधून ठेवावी लागू नयेत, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी.

त्या भगिनी आज सभागृहात आहेत. कुठे बसल्या आहेत ते आम्ही सांगणार नाही, आणि कोणी मागे वळूनही बघू नये.

पुढच्या रविवारी टेबलाजवळ भेटू.

जय भीम.